छत आधी, इंजिन नंतर

जुनी टेम्पो ट्रॅव्हलर विकत घेऊन तिचे चाकांवरचे घर करणाऱ्यांविषयी गेल्या अंकात या सदरात लिहिले होते. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रे आली. बहुतेकांनी नाव न छापण्याची विनंती केली असल्यामुळे येथे केवळ ठिकाण दिले आहे. इंजिनाविषयी एकही पत्र नाही, याचे मला आश्चर्य वाटले नाही. बजाज टेम्पोने, म्हणजे २००५ पासूनच्या फोर्स मोटर्सने, मर्सिडीजच्या तंत्रावर बांधलेल्या त्या डिझेल इंजिनांचे सुटे भाग आणि ती उघडू शकणारे मिस्त्री आजही वागळे इस्टेटपासून कळंबोलीपर्यंत सहज भेटतात. आत बसवलेल्या घराची दुरुस्ती मात्र गॅरेजवाला आपली मानत नाही आणि सुतार गाडीला हात लावायला कचरतो. त्यामुळे ती मालकाच्याच गळ्यात पडते.

प्रश्न: आमच्याकडे २००९ सालची, उंच छताची ट्रॅव्हलर असून आधीच्या मालकाने तिच्यात दोन पलंग, ओटा आणि छोटे स्वच्छतागृह करून घेतले आहे. यंदा जूनपासून छताच्या मध्यभागी, पंख्याच्या चौकटीपाशी पाणी गळते. एका कारागिराने चौकटीभोवती दोनदा सिलिकॉन भरले, तरी मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी पुन्हा गळती सुरू होते. नवल म्हणजे गाडी सोसायटीच्या उतारावर उभी असली, की पाणी पंख्यापाशी न येता मागच्या दाराजवळ येते. पंखाच बदलून टाकावा का? (घोडबंदर रस्ता, ठाणे)

उत्तर: पंखा बदलू नये, कारण आपल्या पत्रातच त्याच्या निर्दोषत्वाचा पुरावा आहे. गाडीचा कल बदलल्यावर गळतीची जागा बदलते, याचा अर्थ पाणी दुसरीकडून आत शिरते, बाहेरचा पत्रा किंवा फायबर आणि आतले प्लाय यांमधल्या पोकळीत साठते आणि उताराप्रमाणे जिथे भोक सापडेल तिथून खाली उतरते. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी गळती होते, तीही याच कारणाने. ‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ असे आपण संशयाने म्हणतो, ते आपल्या छतात शब्दशः घडते आहे.

उंच छताच्या गाडीत पाणी शिरण्याच्या जागा थोड्या असतात आणि त्या क्रमाने तपासाव्यात. वरचे फायबरचे छत जिथे खालच्या पत्र्याला जोडलेले असते तो पूर्ण परिघाचा सांधा, छतावरच्या सामानाच्या जाळीचे किंवा सौरपट्टीचे बोल्ट, वायर आत घेण्यासाठी पाडलेली भोके आणि समोरच्या काचेची वरची रबरी बीडिंग, या चार जागांपैकी पहिल्या दोन मला सर्वाधिक वेळा दोषी आढळल्या आहेत. गाडी चालताना धातू आणि फायबर वेगवेगळ्या प्रमाणात हलतात, उन्हात वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि दहा-बारा वर्षांत त्यांच्यामधले सीलंट एका बाजूने सुटते. ही फट केसाएवढी असते आणि वरून पाहणाऱ्याला ती दिसत नाही.

ती शोधण्याची एक पद्धत घरी करता येण्यासारखी आहे. एखादी कोरडी सकाळ निवडावी, सर्व खिडक्या, दारे आणि हवेची छिद्रे चिकटपट्टीने बंद करावीत, एका खिडकीत पुठ्ठा लावून त्यातून हवा आत ढकलणारा मोठा ब्लोअर बसवावा आणि बाहेरून प्रत्येक सांध्यावर ब्रशने साबणाचे पाणी लावत जावे. आतली हवा जिथून बाहेर पडते, तिथे बुडबुडे येतात. पाणी आत कोणत्या वाटेने जाते हे शोधण्यापेक्षा हवा बाहेर कोठून येते हे पाहणे कितीतरी सोपे असते. माझ्या स्वतःच्या गाडीत मी दोन पावसाळे पाइपने पाणी मारून गळती शोधली आणि दोन्ही वेळा चुकीच्या जागी खर्च केला. या पद्धतीने बुडबुड्यांची एक ओळ ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या कोपऱ्यात उमटली आणि गळती त्या जागेपासून सात फूट मागे होत होती.

जागा सापडल्यावर जुन्या सिलिकॉनवर नवे काहीही लावू नये. सिलिकॉनवर रंग धरत नाही, दुसरे सीलंट धरत नाही आणि नवे सिलिकॉनही नीट धरत नाही. आपल्या कारागिराने दोनदा भरलेला थर आता आधी पूर्ण खरवडून, खाली राहिलेला चिकट अंश पुसून काढावा लागेल, आणि प्रत्यक्ष सील भरण्यापेक्षा या कामालाच जास्त वेळ लागेल. उघड्या पत्र्यावर गंज दिसल्यास तो घासून तिथे इपॉक्सी प्रायमर मारावा. त्यानंतर सांध्यात पॉलियुरेथेन सीलंट भरावे. ज्या वस्तू बोल्टने बसतात त्यांच्या खाली ब्युटाइलची, म्हणजे मऊ चिकट रबराची, पट्टी घालून बोल्ट एकदम न आवळता दोन दिवसांत टप्प्याटप्प्याने आवळावेत, म्हणजे पट्टी दबून बाहेर येते आणि भोके आपोआप भरतात. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने वाळते. ठाण्याच्या दमट हवेत त्याच्यावर साय लवकर धरते, म्हणून बोट फिरवून आकार देण्याचे काम एका वेळी हातभर लांबीचेच घ्यावे.

मात्र हे सगळे ऑक्टोबरच्या मध्यानंतर करावे. तोपर्यंत ताडपत्री घालावी, पण ती अंगाबरोबर आवळू नये. छतावर दोन बांबू आडवे ठेवून त्यांवरून सोडावी, नाहीतर खालची वाफ तिथेच कोंडते.

आता जी गोष्ट आपण विचारली नाही ती सांगणे भाग आहे. तीन महिने पाणी साठलेल्या छताचे प्लाय बहुधा शाबूत नसते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने छतावर आतून ठोकत जावे. टणक आवाज येईल तिथे प्लाय ठीक आहे आणि भद्द आवाज येईल तिथे थर सुटले आहेत. माझ्या गाडीतला पंख्याजवळचा तुकडा काढला, तेव्हा तो चहात बुडवलेल्या खारीसारखा पदर पदर होऊन हातात आला आणि त्याच्या वरची काचलोकर पिळल्यावर अर्धी बादली पाणी निघाले. ती लोकर वाळवून परत घालण्याचा मोह टाळावा. तिच्याऐवजी पाणी न शोषणारी, बंद पेशींची नायट्राइल रबराची किंवा एक्सएलपीई या फेसाळ पॉलिथिनची चादर पत्र्याला चिकटवावी. प्लाय घेताना त्यावर आयएस ७१० हा शिक्का पाहावा, कारण तो मरीन प्लायचा आहे. आयएस ३०३ चे प्लाय स्वयंपाकघराच्या कपाटाला चालते, परंतु पावसात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या छताला मी ते वापरणार नाही.

शेवटी एक खातरजमा करावी. पाऊस नसतानाही पहाटे थेंब दिसत असतील तर ती गळती नसून आत झोपणाऱ्यांच्या श्वासाची वाफ थंड पत्र्यावर जमलेली असते आणि तिच्यावर सीलंटचा काही उपयोग होत नाही. तिथे वरचा पंखा मंद चालू ठेवून खालची एक खिडकी बोटभर उघडी ठेवणे हाच इलाज आहे.

प्रश्न: फ्रिज रात्रभर चालत नाही. दीडशे अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी, घरगुती इन्व्हर्टर आणि एका दाराचा साधा फ्रिज अशी माझी रचना आहे. ऐरोलीहून निघून तीन तास गाडी चालवली तरी पहाटे तीनच्या सुमारास इन्व्हर्टर ओरडू लागतो. बॅटरी केवळ एक वर्षाची आहे. विक्रेता म्हणतो, आणखी एक बॅटरी जोडा. (ऐरोली)

उत्तर: दुसरी बॅटरी जोडल्यास विक्रेत्याचा फायदा निश्चित आहे. आपला होईल की नाही, हे थोडे गणित करून पाहू.

दीडशे अँपिअर-तास गुणिले बारा व्होल्ट म्हणजे १,८०० वॉट-तास. आपल्या ट्युब्युलरसारखी शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून वापरण्याजोगे ९०० वॉट-तास धरावेत. फ्रिजवरच्या चांदण्यांच्या पट्टीवर लिहिलेला वीजवापर ठरावीक तापमानाच्या खोलीतला असतो. दिवसभर उन्हात तापलेल्या गाडीत तोच फ्रिज दिवसाला एका युनिटच्या, म्हणजे १,००० वॉट-तासांच्या आसपास सहज जातो. इन्व्हर्टर स्वतः चालू राहण्यासाठी पंधरा-वीस वॉट खातो, ते चोवीस तासांत आणखी चारशेच्या घरात जातात. पंखा आणि दिवे वेगळेच. पहाटे तीनपर्यंत बॅटरी पोहोचते हेच तिचे कौतुक समजावे, आणि तेही ती पूर्ण भरलेली असेल तर.

ती पूर्ण भरत नाही, असा माझा अंदाज आहे. इंजिनावर चालणाऱ्या वीजजनित्रापासून, म्हणजे अल्टरनेटरपासून, मागच्या बॅटरीपर्यंत आपण कोणती वायर टाकली आहे ते पत्रात लिहिलेले नाही. पुष्कळ गाड्यांत सहा चौरस मिलिमीटरची आढळते. जाण्या-येण्याचे मिळून दहा मीटर अंतर धरले, तर तीस अँपिअरचा प्रवाह वाहताना त्या वायरीत जवळजवळ पाऊण ते एक व्होल्ट पडतो. पुढे १३.९ व्होल्ट असतील तर मागे तेरा पोहोचतात आणि साडेचौदाच्या आसपास व्होल्ट मागणारी ट्युब्युलर बॅटरी तेराने कधीच भरत नाही. वायर पंचवीस चौरस मिलिमीटरची केली, तर हीच घट पाव व्होल्टच्या आत येते. दोन्ही टोकांना, बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत, फ्यूज असायलाच हवेत. जाड वायर पत्र्याला घासून उघडी पडली आणि फ्यूज नसला, तर गाडी पेटायला दुसरे काही लागत नाही.

खात्री करून घेणे सोपे आहे. प्रवास संपल्यावर सर्व उपकरणे बंद ठेवून चार-पाच तासांनी मल्टिमीटर लावावा. १२.७ व्होल्ट आले तर बॅटरी भरलेली आहे आणि १२.२ आले तर ती मुळातच अर्धी आहे.

माझा सल्ला असा, की पैसे दुसऱ्या बॅटरीवर न घालता थेट बारा व्होल्टवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरच्या फ्रिजवर घालावेत. चाळीस-पन्नास लिटरचा असा फ्रिज चालू असताना पन्नासेक वॉट घेतो आणि निम्मा वेळ बंद असतो, म्हणजे दिवसाला सहाशे वॉट-तासांत भागते आणि इन्व्हर्टर रात्री बंद ठेवता येतो. वायर बदलावी, मध्ये अल्टरनेटरचे व्होल्ट वाढवून बॅटरीला हवे तेवढे देणारा डीसी-डीसी चार्जर बसवावा, आणि मग आहे तीच बॅटरी पुरते का ते पाहावे. ती पलंगाखाली बंद पेटीत ठेवली असेल तर पेटीला बाहेर उघडणारी हवेची वाट आजच करावी, कारण भरताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

प्रश्न: लोणावळ्याहून जुन्या घाटाने उतरताना अर्ध्या वाटेत ब्रेकचे पेडल मऊ झाले आणि जवळजवळ तळाला गेले. खोपोलीत अर्धा तास थांबल्यावर ते पूर्ववत झाले. वाशीतील एका गॅरेजने चारही चाकांचे ब्रेक लायनर बदलले, पण पुढच्या खेपेला माळशेजमध्ये तसेच घडले. गाडीत आम्ही चौघे होतो आणि पाण्याची टाकी भरलेली होती. (वाशी)

उत्तर: दुखणे म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा हा प्रकार झाला. लायनर तापून पकड सुटते तेव्हा पेडल घट्टच राहते, मात्र गाडी थांबत नाही. पेडल मऊ होऊन खाली जाते आणि थंड झाल्यावर परत येते, तेव्हा नळ्यांमधले ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असतात. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते आणि जसजसे पाणी वाढते तसतसा त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ३ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी शोषलेल्याचा किमान १४० अंश. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. खाडीकाठच्या दमट हवेत वर्षातून चारदाच बाहेर निघणाऱ्या गाडीचे ऑइल किलोमीटरवर न मोजता दर दोन वर्षांनी बदलावे. ते केवळ वरच्या बाटलीत ओतून चालत नाही. चारही चाकांच्या निपलमधून, म्हणजे ऑइल सोडण्याच्या तोटीतून, जुने पूर्ण काढावे लागते. नंतर अधूनमधून बाटलीतले ऑइल पाहावे. नवे ऑइल मधाच्या रंगाचे असते आणि चहाच्या रंगावर गेलेले बदलायला झालेले असते.

यापेक्षा मला आपल्या गाडीच्या वजनाची अधिक चिंता वाटते. अठरा मिलिमीटरची आठ बाय चारची एक प्लायशीट पस्तीस किलोच्या आसपास भरते. दहा शीट वापरल्या तर साडेतीनशे किलो झाले, त्यावर शंभर लिटर पाण्याचे शंभर किलो, बॅटरी, गाद्या, भांडी आणि चार माणसे. तुर्भे किंवा कळंबोलीच्या वजनकाट्यावर गाडी प्रवासाला निघाल्याप्रमाणे भरून न्यावी. आधी पूर्ण गाडीचे आणि मग फक्त मागच्या चाकांचे वजन करावे आणि ते नोंदणी प्रमाणपत्रावरील एकूण वजनमर्यादेशी ताडून पाहावे. पाण्याची टाकी घाटात रिकामी ठेवून घाट संपल्यावर भरणे हा फुकटचा उपाय आहे. उतरताना, चढायला जो गिअर लागला असता तोच ठेवावा. ब्रेक सतत टेकवून न ठेवता दाबून सोडावेत.

प्रश्न: गाडीच्या नोंदणीला पुढच्या मार्चमध्ये पंधरा वर्षे पूर्ण होतात. प्रमाणपत्रावर ती प्रवासी गाडी आहे, आत मात्र आसने काढून घर केले आहे. डिझेल गाडी आता भंगारात काढावी लागेल, असे शेजारी सांगतात. (खारघर)

उत्तर: शेजाऱ्यांनी ऐकलेली डिझेलची दहा वर्षांची मर्यादा दिल्ली परिसराची आहे. आपल्याकडे खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत होते. त्यासाठी नमुना २५ मध्ये अर्ज करावा लागतो, तो मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत करता येतो आणि त्यावर पर्यावरण कर द्यावा लागतो. आपल्या गाडीचा प्रश्न वयाचा नाही, वर्णनाचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे प्रमाणपत्रावरील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. आपण तो आधीच केला आहे किंवा आधीच्या मालकाने केला आहे, आणि तपासणी करणारा निरीक्षक दार उघडताच ते पाहणार आहे. शिवाय अपघात झाल्यास विमा कंपनीलाही नकाराचे आयते कारण मिळते.

मोटार कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचे घर, कशाला म्हणावे हे एआयएस-१२४ या मानकात ठरलेले आहे. आसने व टेबल, झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामानाची जागा या चारही गोष्टी आत असाव्या लागतात आणि त्या गाडीला पक्क्या बसवलेल्या असाव्या लागतात, टेबल तेवढे काढता येण्याजोगे चालते. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन केंद्र सरकारच्या २००४ च्या अधिसूचनेत बिगर-परिवहन वाहनांमध्ये धरलेली आहे. तेव्हा मार्चपर्यंत न थांबता आताच, गाडी एमएच ४६ असेल तर पनवेलच्या आणि एमएच ४३ असेल तर नवी मुंबईच्या परिवहन कार्यालयात लेखी अर्जाने विचारणा करावी, आतल्या मांडणीची मापांसह आकृती जोडावी आणि पोच घ्यावी. सुट्या लाकडी पेट्या केवळ ठेवलेल्या असतील तर त्या आधी बोल्टने जखडून घ्याव्यात. गाडी भाड्याने देण्याचा विचार असेल तर प्रकरण निराळे आहे. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले असले, तरी भाड्याची गाडी परिवहन वर्गातच नोंदवावी लागते.

प्रश्न: गॅसचे सिलिंडर ओट्याखालच्या कपाटात ठेवले तर चालेल का? (कोपरी, ठाणे)

उत्तर: आतल्या बाजूने उघडणाऱ्या कपाटात ठेवू नये. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळल्यावर जमिनीलगत साठतो आणि वरच्या खिडकीतून जात नाही. आतून पूर्ण बंद, बाहेरून उघडणारी आणि तळाला थेट रस्त्याकडे भोक असलेली पेटी हवी. त्यात पाच किलोचा छोटा सिलिंडर उभा बांधून ठेवावा आणि गाडी सुरू करण्याआधी सिलिंडरवरचीच चावी बंद करावी. रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी.

प्रश्न: उभ्या गाडीत उंदरांनी वायरी कुरतडल्या. (कोपरखैरणे)

उत्तर: डांबराच्या गोळ्यांचा वास आठवडाभर टिकतो आणि उंदीर त्याहून चिवट असतात. पाण्याच्या आणि वायरीच्या प्रत्येक भोकाला पोलादी जाळी लावावी, आत अन्नाचा कणही ठेवू नये आणि दर पंधरा दिवसांनी गाडी वीसेक किलोमीटर चालवून आणावी. जागेवर दहा मिनिटे इंजिन सुरू ठेवणे म्हणजे चालवणे नव्हे. त्याने बॅटरी भरत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी तेवढे साठते.

प्रश्न: २००८ ची तयार कॅम्पर बेलापूरमध्ये विक्रीला आहे. इंजिन उत्तम आहे, आतून नवा रंगही दिलेला आहे. बघायला जाताना मिस्त्री बरोबर न्यावा का? (सीवूड्स)

उत्तर: न्यावा, पण त्याला बोनेटपाशी सोडून आपण आत जावे. भर पावसाच्या दुसऱ्या दिवशीची वेळ ठरवावी आणि दार उघडताच पहिला वास लक्षात ठेवावा. टायरवरचे चार आकडी उत्पादनचिन्ह वाचावे, त्यातले पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. गादी उचलून चाकाच्या कमानीवरचा पत्रा बघावा, स्वच्छतागृहाच्या तळाशी पाय दाबून पाहावा. आतला रंग नवा असेल तर तो नेमका कोणत्या कोपऱ्यापासून सुरू होतो ते शोधून, तिथल्या छतावर अंगठा टेकवून जोर द्यावा.